आजोबांचा वेल आणि दोनशेचा बल्ब

हल्ली झाडाचं नाव शोधायचं असलं की फोन पुढे धरतात. माझा नातू परवा बाल्कनीतल्या कुंडीसमोर तसा उभा होता. एका टिचकीसरशी नाव, कूळ, मूळ देश सगळं हजर. मग मलाच विचारतो, "आजी, तुमच्या वेळी कसं करायचे गं?" म्हटलं, आमच्या वेळी मी होते. घरात सायन्सला गेलेली मी एकटी, त्यामुळे झाडाचं नाव मी सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं अशी व्यवस्था होती. नाव बरोबर असलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती.

ती मुलगी डोळ्यांपुढे आणली की मला आजही हसू आवरत नाही. दोन घट्ट वेण्या, जाड काचांचा चष्मा, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. भिंग झोपतानाही काढायची नाही. आई म्हणायची, "लोकांच्या पोरींना मंगळसूत्राची घाई. हिनं भिंगाशीच लावून घेतलंय." कोथिंबीर निवडायला बसवली तर ही एकेक काडी भिंगाखाली धरणार आणि लॅटिनमधून काहीतरी पुटपुटणार. निवडलेली कोथिंबीर जेवणं झाल्यावर मिळायची.

आम्ही पर्वतीच्या पायथ्याजवळच्या वसाहतीत राहायचो. सकाळ व्हायची ती बंबाच्या धुरानं, नळाखाली आपटणाऱ्या बादल्यांनी आणि पर्वतीवर फिरायला निघालेल्यांच्या चपलांनी. आजी मी लहान असतानाच गेलेली. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात पाळीला. ते घरी असले तरी एकतर झोपलेले असत किंवा झोपायच्या तयारीत. त्यामुळे घर चालायचं ते आजोबांच्या शब्दावर. आजोबा लष्कराच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांत खोट शोधणं हे त्यांचं जन्माचं काम, आणि निवृत्त झाल्यावर कागद संपले तरी सवय संपली नव्हती. दूधवाला, पेपरवाला, गल्लीतलं मांजर, सगळ्यांची तपासणी पुढच्या पोर्चमधल्या वेताच्या खुर्चीत बसून चालायची. दारावरून गेलेलं कुणी त्यांच्या नजरेतून सुटलं असेल असं मला वाटत नाही.

वेल आणून दिला तो त्यांच्याच कचेरीतल्या एका मित्रानं, वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात. "नाव विसरलो बुवा," ते म्हणाले, "पण थंडीत फुलला की बघत राहाल. पहिल्याच वर्षी फुलतो." आजोबांनी तो स्वतःच्या हातानं पोर्चच्या खांबाशी लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हं, शास्त्रज्ञ, नाव सांगा."

मी भिंग लावलं. पानं समोरासमोर, प्रत्येक पानाची दोन पर्णिका, आणि त्या दोघींच्या मधून निघालेला एक हिरवा दोरा. पुढे त्याला तीन फाटे, आणि त्या फाट्यांनी जे सापडेल ते घट्ट धरायचं: खांब, तार, वाळत घातलेला टॉवेल. हे सगळं मी अगदी बरोबर टिपलं आणि मग ठणकावून सांगितलं, "मधुमालती." आधार काहीच नव्हता; ते नाव मला आवडायचं, एवढंच. शेजारच्या गल्लीत खरी मधुमालती बघितल्यावर मी शोध मागे घेतला आणि "लसण्या वेल" असं जाहीर केलं. लसण्याचं पान चुरगळलं की लसणाचा वास येतो, म्हणून पानं चोळून मी घरातल्या सगळ्यांच्या नाकाला लावत सुटले. आजोबांनी हुंगलं आणि म्हणाले, "तुझ्या हाताला फोडणीचा वास येतोय. वेलाला काही येत नाही." शेवटी कॉलेजच्या वाचनालयातलं जाडजूड पुस्तक आणलं. त्यात पहिलाच प्रश्न फुलाचा: पाकळ्या सुट्या की जुळलेल्या? पुंकेसर किती? फूल नसेल तर ते पुस्तक पुढे बोलायलाच तयार नव्हतं.

आणि फूल येईना.

इथे पुण्यातल्या एका पंथाबद्दल सांगायला हवं, कारण बाहेरगावच्या वाचकाला तो ठाऊक नसतो. पहाटे फिरायला निघणारी, हातात कापडी पिशवी, मनात देव आणि नजर दुसऱ्याच्या जास्वंदीवर, अशी मोठी सज्जन मंडळी इथे गल्लोगल्ली आहेत. आयुष्यात कुणाची टाचणी उचलणार नाहीत, पण देवासाठी फूल तोडलं तर ती चोरी नव्हे, असा त्यांचा स्वच्छ विश्वास. आजोबांना हे माहीत असल्यामुळे कळ्या यायच्या आधीच त्यांनी पहारा बसवला. पोर्चच्या खांबाला, बरोबर वेलाच्या डोक्यावर, शंभरचा बल्ब. दिवेलागणीला लावायचा, पूर्ण उजाडल्यावर मालवायचा. बटण त्यांच्या खोलीत.

पहिला हिवाळा कोरडा गेला. आजोबांनी हिशेब मांडला: मित्र खोटं बोलणारा नाही, वेल तर हिरवागार, धष्टपुष्ट, म्हणजे कळ्या येतात, आणि कुणीतरी त्या उमलायच्या आत खुडून नेतं. तज्ज्ञ म्हणून त्यांनी मला विचारलं. मी चष्मा वर सरकवून म्हणाले, "शास्त्राप्रमाणे कळ्या यायलाच हव्यात." कुठलं शास्त्र, ते त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या हिवाळ्यात शंभरचा बल्ब जाऊन दोनशेचा आला. संध्याकाळी आमचा पोर्च लग्नघरासारखा लखलखायचा. किडे येऊन पडायचे, त्यांच्यामागे पाली यायच्या, आणि समोरचे लोक खिडक्यांना जाड पडदे लावायचे. फूल मात्र नाही.

संशय कुणावर हे ठरायला वेळ लागला नाही. शेजारच्या घरात इंदूबाई एकट्याच राहायच्या. शाळेतून नुकत्या निवृत्त झालेल्या, गणिताच्या. ताठ कणा, नऊवारी नव्हे पण पाचवारीच इतकी चापून नेसायच्या की त्यांच्यापुढे आपणच गबाळे वाटायचो. त्याही पहाटे परडी घेऊन निघायच्या आणि लपूनछपून काहीच करायच्या नाहीत. एकदा आजोबांनी त्यांना फाटकाशी गाठलं. मी खिडकीत दात घासत होते.

"बाई, आमच्या वेलाला हात लावता का तुम्ही?"

"तुमची जास्वंद रस्त्यावर येते, तिला लावते. वेलाला कशाला लावू? मी देवाला पानं वाहत नाही."

"जास्वंदही आमचीच आहे."

"मूळ तुमचं. फांदी कुंपणाबाहेर आली की महापालिकेची. महापालिकेचं आणि माझं बरं जमतं."

आणि आजोबांच्या देखत त्यांनी आणखी एक जास्वंद खुडली. मला घासता घासता ठसका लागला. पण मी मागे वळले तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "कशाला बोलल्या बाई असं," एवढंच ती म्हणाली.

बाईंशी वाकडं आलं तर तिचं काय जाणार होतं, ते घरात फक्त मला माहीत होतं.

आई हिंजवडीची. आज माझा नातू तिथे काचेच्या इमारतीत बसतो आणि कंपनीच्या बसमधून दोन तास धक्के खात घरी येतो. तेव्हा ते ज्वारीचं आणि हरभऱ्याचं गाव होतं. आई सातवीपर्यंत शिकली. ज्या दिवशी तिला शाळेतून काढलं, त्या दिवशी फळ्यावरचं अपूर्णांकांचं उदाहरण अर्धंच झालं होतं, आणि भाकरी थापताना ते अजून डोक्यात फिरतं, असं ती मला सांगायची. लग्नानंतर तिनं एकदा शिकायचा विषय काढून बघितला होता. आजोबा म्हणाले होते, "आता काय कलेक्टर व्हायचंय? लोक म्हणतील, सून शाळेत आणि सासरा चुलीपाशी." विषय तिथेच मिटला. आजोबांपुरता.

आमच्या आणि बाईंच्या परसांमधल्या भिंतीत, मोरीपाशी, एक छोटं लाकडी फाटक होतं. दोन्ही घरं बांधणाऱ्यानं कधीकाळी पाण्यासाठी ठेवलेलं. रोज दुपारी भांडी आवरली, आजोबांचा डोळा लागला, की आई कापडी पिशवी घेऊन त्या फाटकानं पलीकडे जायची. वरती क्रोशाची सुई आणि दोरा, खाली बीजगणित. घरी सांगायचं, बाईंकडे तोरण विणायला शिकते. बाई तिला बाहेरून मॅट्रिकला बसवणार होत्या. दोन वर्षं ते तोरण चाललं होतं आणि वीतभरही पुढे सरकलं नव्हतं. "हे तोरण आहे की पानशेतचं धरण?" असं आजोबा एकदा म्हणाले तेव्हा मी ताटातली आमटी सांडली.

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी मी वेल हाती घेतला. तो फुलला की आजोबांचा संशय फिटेल, संशय फिटला की शेजार टिकेल, आणि शेजार टिकला की आई मार्चमध्ये परीक्षेला बसेल, अशी माझी साखळी. विचार चांगला होता. उपाय माझे होते, हीच त्यातली अडचण. शेणखत घातलं. पेंड भिजवून घातली. तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं घातली. मार्केट यार्डाजवळच्या खताच्या दुकानातून युरिया आणून मूठमूठ पेरला. वेल माजला. माजला म्हणजे किती, तर एक फांदी न्हाणीघराच्या झरोक्यातून आत आली, एकीनं आजोबांच्या खुर्चीचा हात धरला, आणि पोर्चवरून, गच्चीच्या कठड्यावरून, पाण्याच्या टाकीमागून तो कुठे कुठे गेला याचा मला पत्ताही राहिला नाही. पानं तळहाताएवढी. मग कुठेतरी वाचलं की झाडाला उपाशी ठेवलं तर ते घाबरून फुलतं. पाणी तोडलं. पानं लोळली, पिवळी पडली, थोडी गळली. घाबरलेली एकटी मीच. पुन्हा पाणी दिलं, पुन्हा पानं. आई म्हणाली, "अगं, त्याला थोडं एकटं सोड. तू अशी माझ्यामागं लागलीस तर मीसुद्धा फुलायची न्हाय."

मार्गशीर्षातल्या एका दुपारी जेवताना आजोबांनी निकाल दिला. मेथीचं पिठलं होतं, ज्वारीची भाकरी होती, आणि आई वाढत होती.

"संक्रांतीच्या आत ते मागचं फाटक बुजवून घ्यायचं. गवंड्याला सांगितलंय. पहाटे पुढून येता येत नाही, दिवा आहे. म्हणजे मागून येतात. इतके दिवस लक्षात आलं नाही माझ्या."

बाबांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला होता.

"आणि त्या घरी यापुढे कुणी पाऊल टाकायचं नाही."

"थोडं तोरण राहिलंय," आई हळूच म्हणाली.

"घरी विण. दोन वर्षांत सुई धरायला शिकवलं असेलच की त्यांनी."

आईनं पिठलं वाढलं, पण पळी ताटावर आपटली. त्या दिवसापासून घरातले आवाज बदलले. भांडी हलकेच ठेवली जायची, दारं हलकेच लागायची, आजोबा खोकले तरी आपण काहीतरी केलंय असं वाटायचं. आई अजूनही दुपारी पलीकडे जायची, पण आता आजोबांचं घोरणं ऐकून, चपला हातात घेऊन. मी पुढच्या खोलीत पुस्तक उघडून पहाऱ्याला बसायची. आजोबांनी कूस बदलली की मी पान उलटायचं विसरायची. कधी ते लवकर उठले की मी आईला इशारा म्हणून मुद्दाम काहीतरी पाडायची. त्या महिन्यात आमच्या घरातल्या तीन कपबश्या माझ्या विज्ञानावर गेल्या.

असेच एकदा ते लवकर उठले आणि चहा मागू लागले. मी फाटकातून धावत पलीकडे गेले. बाईंच्या मागच्या पडवीत आई पाठमोरी बसली होती, आणि तिच्यासमोर, आमच्या जिन्याच्या उंच भिंतीवरून खाली लोंबत होता आमचा वेल. टाकीमागून वाट काढून भिंत उतरून आलेली एकच लांब फांदी. आणि तिच्या टोकाटोकाला झुबके. लांबट, बोटाएवढ्या, हिरवट नारिंगी कळ्यांचे झुबके. खुडलेली एकही नव्हती.

मी किंचाळणार, एवढ्यात आईनं मागे न वळताच म्हटलं, "मला माहीत हाय. गप बस."

"आई, कळ्या! आजोबांना दाखवू या, म्हणजे कळेल की बाईंनी..."

"काय कळेल? त्यांचा वेल, त्यांचं पाणी, त्यांचं खत, आणि कळ्या कुणाच्या दारात? हे बघितलं तर गवंडी उद्याच येईल."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वनस्पतिशास्त्र शिकतेस ना? मग ओरडण्याआधी एक सांग. मूळ एक, पाणी एक. तिकडे ऊन जास्त. मग कळ्या इकडेच का?"

मी तिथेच उभी राहिले. आमच्या सरांनी वर्गात सांगितलेलं काहीतरी आठवू लागलं. शेवंतीचा धडा होता आणि मी बाकावर बेडूक काढत होते. काही झाडांना कळ्या धरायला लांब अंधार लागतो. हिवाळ्यात रात्र मोठी झाली की ती फुलायच्या तयारीला लागतात, आणि रात्रभर दिवा ठेवला तर त्यांना रात्र झालीय हेच कळत नाही. जिन्याच्या भिंतीआड बल्बचा उजेड पोचत नव्हता. आमच्या अख्ख्या वेलात रात्र मिळत होती ती एवढ्याच फांदीला. आजोबा फुलांची राखण करत होते आणि त्या राखणीमुळेच फुलं येत नव्हती.

"बल्ब!" मी म्हणाले.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "आता जाऊन चहा टाक."

संध्याकाळी मी आजोबांपाशी गेले. कळ्यांचं काहीच बोलायचं नाही असं आईनं बजावलेलं, त्यामुळे मला शेवंतीपासून सुरुवात करावी लागली. अर्धा धडा त्यांनी ऐकून घेतला.

"म्हणजे वेल रात्र मोजतो."

"हो."

"आणि घड्याळ कुठे ठेवतो?"

"आजोबा, थोडे दिवस फक्त बंद ठेवून बघू या ना..."

"चोराला आमंत्रणच द्यायचं राहिलंय. पत्रिकाही छापू या का?" आणि त्यांनी उठून बटण दाबलं. पोर्च झगझगला. वरचा वेल त्या उजेडात इतका हिरवा, इतका ठणठणीत दिसत होता की मला तो उपटून टाकावासा वाटला.

गवंडी आला तो भोगीच्या दिवशी सकाळी. दुसऱ्या दिवशी संक्रांत, तिसऱ्या दिवशी किंक्रांत. किंक्रांतीला आजोबा नवं काम काढू देत नसत, म्हणून संक्रांतीच्या आदल्या दिवशीच उरकायचं ठरलं होतं. मामांनी हिंजवडीहून भाजीची पिशवी पाठवली होती. आई मोठ्या पातेल्यात भोगीची भाजी करत होती: वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरं, वर तिळाचं कूट. तव्यावर तीळ लावलेली बाजरीची भाकरी. एरवी या वासानं घर न्हाऊन निघायचं. त्या दिवशी त्यात ओल्या सिमेंटचा वास मिसळला होता. फाटकाशेजारी विटांची चळत उभी राहिली. गवंड्यानं ओळंबा सोडला. आई तव्यावरून नजर न उचलता भाकऱ्या थापत होती आणि थापेचा आवाज नेहमीपेक्षा जोरात येत होता.

मला राहवलं नाही. आईनं बजावलेलं सगळं विसरून मी आजोबांचा हात धरला. "आधी एकदा पलीकडे या. मग काय ती भिंत घाला." ते इतके चकित झाले की आलेच. मी त्यांना कधी हाताला धरून ओढलं नव्हतं.

रातोरात कळ्या उमलल्या होत्या. जिन्याची ती काळपट, शेवाळलेली भिंत वरपासून खालपर्यंत पेटल्यासारखी नारिंगी झाली होती. लांब नळीसारखी फुलं, झुबक्याझुबक्यांनी. मागचं हिरवं पान दिसायला जागा नाही. आजोबा उभे राहिले. त्यांच्या तोंडून "अरे वा" निघालं, अगदी लहान मुलासारखं. मला वाटलं, जिंकलं.

मग त्यांना आपण कुठे उभे आहोत हे आठवलं.

"म्हणजे वेल इकडे ओढून घेतलात तुम्ही," ते बाईंना म्हणाले.

"मी कशाला ओढू? तुमच्या बल्बला कंटाळून आला तो," बाई म्हणाल्या. "झोपायला."

मी मध्ये पडून अंधार, रात्र, शेवंती सगळं एका दमात सांगू लागले. पाकळ्या जुळलेल्या आहेत, पुंकेसर बाहेर डोकावतायत, आता पुस्तकात नावसुद्धा सापडेल, असंही म्हणाले.

"संक्रांतवेल," बाई म्हणाल्या. "आमच्या शाळेच्या फाटकावर होता."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"मला विचारलं कुणी? शिवाय नुसत्या पानांवरून मी नावं ठेवत नाही." शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं.

आजोबा काही ऐकत नव्हते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. पुरावा डोळ्यांपुढे होता आणि तो त्यांनी बरोबर उलटा वाचला होता. फाटकातून त्यांनी हाक दिली, "गवंडी, कालवा सिमेंट!"

तेव्हा आई आली. हातांना बाजरीचं पीठ तसंच. ती सासऱ्यांसमोर कधी मोठ्यानं बोलत नसे, आणि बोललीच तर शब्द निवडून, पुण्याचे. त्या दिवशी तिनं निवडले नाहीत.

"मामंजी, वेलाचं काय ते तुम्ही बघा. मी माझं सांगते. मी हितं तोरण विणत न्हाय. बाई मला गणित शिकवत्यात. मार्चात मॅट्रिकला बसायची हाय."

गवंड्याच्या थापीचा आवाज थांबला.

"चोरी व्हत व्हती, ते खरं हाय," आई म्हणाली. "फुलांची न्हाय. तुमचा डोळा लागला की मी चोरून हिकडं येत व्हते. दोन वर्सं. बाईंना कशाला बोल लावता? चोर तुमच्या घरात हाय, तुम्हाला रोज वाढतोय."

"तोरणाचं खोटं होतं?" आजोबांनी विचारलं. त्या सगळ्यातून त्यांना तेवढंच सापडलं.

"व्हय. आता भिंत घालायची तर घाला, घर तुमचं हाय. मी पुढच्या दारानं जाईन, तुमच्या खुर्चीसमोरनं. लपून जायला फाटक लागत व्हतं. आता लागणार न्हाय."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. एवढी एकच गोष्ट त्यांना लपवता आली नाही. आजोबा फाटकातून परत गेले. गवंड्यानं विचारलं, "साहेब, मग?" ते पाठमोरेच म्हणाले, "घाला." आणि दुपारपर्यंत फाटकाच्या जागी विटा आल्या. आईनं भोगीचं जेवण वाढलं. आजोबा जेवले. भाजीत मीठ कमी होतं, ते कुणीच बोललं नाही.

किंक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई पुढच्या दारातून निघाली. पिशवी नव्हती, पुस्तक छातीशी धरलेलं, नाव दिसेल असं. आजोबा खुर्चीत बसले होते, मुद्दाम झोपले नव्हते. मी पडद्याआड. आई तीन पायऱ्या उतरली, त्यांच्या पायांजवळून गेली, फाटक उघडलं, लावलं. आजोबांचा पेपर जराही हलला नाही. परत आली तेव्हाही नाही. असं कितीतरी दिवस चाललं. घरात त्यांच्यात शब्द नव्हता. पाणी हवं असलं तर ते मला सांगायचे, भाकरी हवी का हे आई मला विचारायला सांगायची. मी त्या दिवसांत घरातली टपालवाली झाले होते. बाबा मात्र एक दिवस अचानक जागे असल्यासारखे आजोबांना म्हणाले, "अण्णा, तिचा फॉर्म मी भरलाय." आणि पुन्हा झोपायला गेले.

मग एका दुपारी पेपरमागून आवाज आला, "कुठवर आलंय?"

आई पायरीवरच थांबली. "वर्गसमीकरणं."

"हं." पेपर उलटला. "ती आम्हालाही जडच गेली होती."

स्वयंपाकघरातला दिवा मिणमिणता. संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की आई त्याच्याखाली पुस्तक डोळ्यांशी नेऊन बसायची. आजोबा पाणी प्यायला म्हणून आत आले, बघितलं, आणि भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले, "डोळे फोडून घ्यायचेत का? पोर्चमध्ये बसायला काय होतं? दोनशेचा आहे." दुसऱ्या संध्याकाळी बघते तर वेताची खुर्ची बल्बच्या बरोबर खाली सरकवलेली आणि आजोबा आतल्या बाकावर बसलेले.

आई पहिल्या खेपेला बीजगणितात नापास झाली. ऑक्टोबरला पास झाली. मग बाईंनी तिला पुढे शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाचं वेड लावलं आणि पोर्चमधला दिवा पुढचे कित्येक हिवाळे तसाच जळत राहिला. वेल पलीकडे, भिंतीआडच्या अंधारात, दर संक्रांतीला भडकून फुलायचा. आमच्या बाजूला नुसती पानं. दिवा थोडे दिवस दुसरीकडे हलवू या, असं मी मोठ्या शास्त्रीय थाटात सुचवून पाहिलं. आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी भिंग पोलक्याच्या आत टाकलं.

एकदा रस्त्यानं जाणारे एक गृहस्थ फाटकाशी थांबले, वर बघितलं आणि म्हणाले, "एवढा मोठा वेल, काळजीही चांगली घेता, आणि एक फूल नाही?"

"नाही," आजोबा आतून म्हणाले. "घरात अभ्यास चालू आहे."